रॅपरवरचा पत्ता

अंकाआधी मला त्याचं रॅपर आवडलं. वालचंदनगरला कारखान्याच्या कॉलनीत दादांच्या नावाने मासिकं यायची. तपकिरी कागदाची पट्टी, खळीचा वास, वर शाईने लिहिलेला पत्ता. पट्टी न फाडता सरकवून काढली की आतली कोरी बाजू माझी. तिच्यावर मी गणितं करायचे. 1982 साली ‘सत्यकथा’ बंद पडली तेव्हा दादा कित्येक दिवस हळहळले. मला दुःख कागद कमी झाल्याचं.

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद कॉलेजात आले आणि स्वतःच्या नावाचं रॅपर यावंसं वाटायला लागलं. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील 1985पासून ‘कवितारती’ काढत होते, निव्वळ कवितेसाठी. मनीऑर्डर केली. संदेशाच्या चिंचोळ्या जागेत काय लिहावं सुचेना, म्हणून ‘वर्गणी’ एवढंच लिहिलं.

‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ या अंकांबद्दल नुसतं ऐकलेलं होतं. 1954मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ सायक्लोस्टाइल करून काढला, तिथून मराठीत ही घरगुती छपाईची बंडखोरी सुरू झाली. राजा ढाल्यांनी तर ‘सत्यकथे’लाच अंगावर घेतलं. मोठ्या शहरातली भांडणं ती. आमच्याकडे भांडायलाही दुसरा कवी माहीत असावा लागतो.

तो अंकातूनच कळायचा. कवितेखाली नाहीतर शेवटच्या पानावर कवीचा पूर्ण पत्ता छापत. एकदा त्यात ‘निमगाव केतकी’ दिसलं. पानमळ्यांचं गाव, आमच्या एसटीच्या वाटेवरचं! शेजारगावचा कवी मला परगावच्या अंकातून कळला. पत्त्यातला पिन 413ने सुरू होणारा, पुण्याचा 411. जिल्हा पुणे असला तरी टपालखात्याच्या लेखी बारामती-इंदापूर सोलापूरच्या गोतावळ्यात. मोरोपंतांना बारामतीत बसून टपालाचा हा त्रास नव्हता, त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी पोचवल्या.

लग्न होऊन इंदापूरला आले तेव्हा संपादकांना पत्ता बदलल्याचं पोस्टकार्ड टाकलं. नाव बदलल्याचं लिहिलं नाही. त्यामुळे सासरी माहेरच्या नावाने येणारी ती एकच वस्तू. पोस्टमनने पहिल्यांदा विचारलं, “या कोण?” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सूनबाईच. द्या इकडे.”

पुढे आम्ही काही जणांनी अनियतकालिक काढलं, तेव्हा पट्टीची दुसरी बाजू दिसली. 1898च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राची सवलत हवी तर दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर चालत नसे. म्हणजे द्वैमासिक, त्रैमासिक बाहेरच. चार ओळींची कविता जपून छापणाऱ्याने पूर्ण तिकीट लावायचं, हा न्याय मला आजही कळलेला नाही. जाहिरातीला गेलो की साखर कारखाना किंवा पतसंस्था दिवाळी अंकाला नाही म्हणत नाही. मात्र चेअरमनसाहेबांचा फोटो कवितेपेक्षा मोठा हवा. एका ठिकाणी आम्ही तेही मान्य केलं. पैसे दुसऱ्या दिवाळीला आले.

गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ 1967पासून जवळजवळ पन्नास वर्षं कसं चालवलं असेल, हे पत्ते लिहिताना उमगतं. लेखकांचे मेळावे, दलित साहित्याची एक अख्खी पिढी, हे सगळं त्या अंकाभोवती उभं राहिलं. अशा अंकाचा संपादक गेला की वारसा कुणाकडे जातो? बहुतेक वेळा पत्त्यांच्या वहीकडे, आणि ती वही घरच्यांना रद्दी वाटते. पुरुषोत्तम पाटील 2017 साली गेले, पानतावणे 2018 साली.

डिसेंबर 2024मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्टची स्वस्त सोयही बंद झाली. तरुण मंडळी म्हणतात, “ताई, पीडीएफ टाका ना ग्रुपवर.” टाकतेच. त्यावर अंगठे येतात, पत्र येत नाही.

वही मात्र मी चालू ठेवली आहे. मध्यंतरी एका आजीव वर्गणीदाराच्या मुलाचा फोन आला. वडील वारले, पण अंक थांबवू नका, हिंजवडीला पाठवा म्हणाला. आजीव म्हणजे कुणाच्या जिवापर्यंत, ते आमच्या नियमात लिहिलेलं नाही. जुना 413 खोडून 411057 लिहिला. विंग, फ्लॅट, फेज, सोसायटी असा पत्ता लांबत गेला, तेव्हा पट्टीच नेहमीपेक्षा रुंद कापली.