रात्रीची ट्यूब

कॉलेजात मुरमांनी हैराण झाली तेव्हा पुण्यातल्या डॉक्टरांनी तिला ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन लिहून दिलं. अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, तेही रात्रीच. उजेडात हे औषध निकामी होतं. सुरुवातीला नाकाच्या कडेची सालं निघाली, साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरायचा. औषध बाधलं, असंच आईला वाटलं. पुढे मुरमं ओसरली. मूल हवं असं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी ट्यूब बंद करायला लावली.

चाळिशीनंतर तीच ट्यूब परत आली, आता डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसाठी.

अमेरिकेत १९७१ साली ट्रेटिनॉइनला मंजुरी मिळाली ती मुरमांसाठी. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांना मग प्रौढ रुग्ण बायका सांगू लागल्या, की चेहरा नितळ झालाय, रेघा पुसट झाल्यात. १९८६ साली त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. दोन वर्षांनी मिशिगन विद्यापीठातल्या १६ आठवड्यांच्या चाचणीतही उन्हाने रापलेली त्वचा सुधारल्याचं दिसलं. हे औषध नवं कोलॅजन तयार करायला लावतं आणि आहे ते तोडणारी विकरं आवरतं. म्हणून महिनोन् महिने लावावं लागतं, आणि दिवसा सनस्क्रीन चुकवून चालत नाही.

पण क्लिगमन यांच्या नावाला होम्सबर्ग तुरुंगही चिकटलेला आहे. तिथल्या कैद्यांच्या, बहुतांश कृष्णवर्णीयांच्या, कातडीवर त्यांनी १९५१ पासून वीसहून अधिक वर्षं प्रयोग केले. ट्रेटिनॉइनही तिथे तपासलं गेलं. फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली ती २०२२ साली. हे वाचल्यावर तिने औषध सोडलं नाही. पण ते कुणाच्या अंगावर पारखलं गेलं, हे ठाऊक असायलाच हवं, असं तिला मनापासून वाटतं.

क्लिगमन यांचंच आणखी एक मिश्रण १९७५ मधलं, काळ्या डागांवरचं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. त्याचा थोडा बदललेला अवतार आपल्याकडे चिठ्ठीशिवाय, गोरं होण्याची क्रीम म्हणून सर्रास विकला गेला. तिच्या वहिनी तीच क्रीम वर्षभर लावत होत्या. गाल लालबुंद, हनुवटीवर लव, उन्हात गेलं की आग.

"अगं, तू लावतेस तेच आहे ना यात?" वहिनींनी विचारलं.

तिने खोका उलटा केला आणि बारीक अक्षरांतलं तिसरं नाव दाखवलं: मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी दोघी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. क्रीम सुटल्यावर चेहरा आधी आणखी भडकला. निवळायला कित्येक महिने लागले.