प्रश्न उद्भवत नाही

नगरसेवकाच्या लेखी प्रश्नाला उत्तर देण्याचं काम महापालिकेत कुणी हौसेनं अंगावर घेत नाही. ते वरून खाली घरंगळत येतं. नगरसचिवांकडून आयुक्तांकडे, तिथून अतिरिक्त आयुक्तांकडे, मग खातेप्रमुख, कार्यकारी अभियंता, उपअभियंता, आणि शेवटी ज्या टेबलाच्या खाली आणखी टेबल नाही तिथे. पाणीपुरवठा खात्यात ते टेबल बरीच वर्षं माझं होतं. कागद माझ्यापर्यंत येईतो समासात शेऱ्यांची भर पडलेली असे: 'तातडीचे', 'आजच', 'अत्यंत तातडीचे', 'चर्चा करावी'. माहिती मात्र कुणीच जोडलेली नसे. लिपिकाची मुख्य लिपिक झाले, पुढे अधीक्षक झाले, तरी प्रश्नांचं बाड माझ्याकडेच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. मला मात्र त्याची गोडी लागली होती.

मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या अधिनियमावर चालतात. नगरसेवकानं आयुक्तांना प्रश्न विचारण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि त्यावरची बंधनंही. प्रश्न सात दिवस आधी लेखी द्यायचा. त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, कुणाची बदनामी नको. 'समजा असं झालं तर काय कराल' असा काल्पनिक सवाल नको. नुसतं मत मागायचं नाही, न्यायालयात असलेली बाब काढायची नाही. गोपनीय म्हणून मिळालेली किंवा लोकहिताला बाधेल अशी माहिती द्यायला आयुक्तही बांधील नाहीत. प्रश्न कसा असू नये याची यादी अशी लांबलचक आहे. उत्तर कसं असू नये याची मात्र तशी यादी नाही. त्या मोकळ्या जागेत आमच्या पिढ्यान् पिढ्यांनी आपली कारागिरी दाखवली.

तिचे नमुने सांगते. 'हे खरे आहे काय?' याला सर्वांत सुरक्षित उत्तर 'अंशतः खरे आहे'. कोणता अंश, ते सांगायचं नाही. तक्रार खरी निघालीच तर 'कार्यवाही सुरू आहे'. ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे लिहायचं नाही. माहिती हाताशी नसेल तर 'संकलित करण्यात येत आहे', आणि ते संकलन पुढची निवडणूक येईपर्यंत चालू ठेवायचं. एखाद्या गल्लीबद्दल विचारलं असेल तर उत्तरात अख्ख्या शहराची सरासरी द्यायची. शहराला दरडोई दीडशे लिटर पाणी मिळतं हे वाक्य खरंच असतं, पण त्यात टेकडीवरची वस्ती बेमालूम बुडून जाते. या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या भागाला 'नाही' म्हटलं की 'असल्यास कारणे काय', 'असल्यास कोणावर कारवाई केली' हे पुढचे भाग या तीन शब्दांत आडवे होतात. म्हणून मसुदा करणाऱ्याचा सगळा जीव पहिल्या भागाला 'नाही' म्हणता येईल का, यातच अडकलेला असतो.

हे सगळं मी वरिष्ठांकडूनच शिकले. ती वाईट माणसं नव्हती. उत्तर म्हणजे अंगावर आलेलं संकट, आणि ते परतवलं की दिवस चांगला गेला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माझी समजूत बदलली ती टँकरच्या एका प्रश्नामुळे.

उन्हाळा संपत आला होता. एका नगरसेवकानं साधं विचारलं होतं: अमुक प्रभागात मार्च ते मे या काळात टँकरच्या किती खेपा झाल्या आणि त्या कुठे गेल्या? मी तीन ठिकाणचे कागद मागवले. टँकर भरतात त्या केंद्रावरची नोंदवही, चालकानं सोसायटीकडून सही करून आणायची चलनं, आणि ठेकेदाराचं देयक. पाणी एकच, टँकर तेच, महिने तेच. पण वहीत खेपा सर्वांत कमी, चलनांत त्याहून जास्त, आणि देयकात सर्वांत जास्त. चलनांचा गठ्ठा सोडून टेबलावर पसरला. निरनिराळ्या सोसायट्यांच्या नावापुढे सह्या एकाच बॉलपेनच्या होत्या, एकाच वळणाच्या, आणि एका रविवारी तर एकाच चालकानं शहराच्या दोन टोकांना एकाच वेळी पाणी पोचवलं होतं.

मी उत्तरात तीन रकान्यांचा तक्ता केला. साहेब म्हणाले, "मॅडम, देयकातला आकडा तेवढा द्या. बाकीचं त्यांनी विचारलंय कुठे?"

मी म्हटलं, "साहेब, उपप्रश्नात विचारतील."

उपप्रश्न या शब्दाचा धाक फार जुना आहे. ब्रिटिश अमदानीत १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारता येऊ लागले, पण मिळालेल्या उत्तरावर पुढे काही बोलायची सोय नव्हती. ती १९०९ च्या सुधारणांनी दिली, तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरतीच. सतरा वर्षं राज्यकर्त्यांनी एवढी एक गोष्ट का अडवून धरली होती, हे ज्यानं कधी उत्तराचा मसुदा केला आहे त्याला सांगावं लागत नाही. लेखी उत्तराची तटबंदी कितीही नीट बांधा, उपप्रश्न मागच्या दारानं आत येतो.

साहेब गप्प झाले आणि थोड्या वेळानं त्यांनी लेखा विभागाला फोन लावला. तक्ता तसाच गेला, पण त्याखाली एक ओळ जोडावी लागली: तफावतीची पडताळणी होईपर्यंत देयक रोखण्यात आले आहे. ही ओळ लिहायची तर देयक खरोखर रोखावं लागणार होतं. ते त्याच दुपारी रोखलं गेलं. उत्तरावर आयुक्तांची सही व्हायच्या आधी, सभा भरायच्या आधी, नगरसेवकाला आपल्या प्रश्नानं काय केलं याचा पत्ताही लागायच्या आधी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. लेखी प्रश्नाचा खरा परिणाम सभागृहात होत नाही. तो कार्यालयात होतो, उत्तर तयार होताना. एरवी ज्या तीन वह्या तीन कपाटांत सुखानं नांदतात, त्या एका टेबलावर शेजारी शेजारी येतात, त्या प्रश्नामुळे. खरं उत्तर लिहायचं तर आधी काम करावं लागतं. खोटं लिहायचं तर उपप्रश्नाची भीती असते. या दोहोंच्या मध्ये सापडलेला अधिकारी बहुतेक वेळा कामच करून टाकतो, कारण ते जास्त सोपं पडतं.

टँकरच्या त्या तफावतीचं मोलही सांगते. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी केंद्राच्या नियमावलीत दरडोई १३५ लिटरचं माप धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे जेमतेम पंधरा घरांचा दिवस. कागदावर झालेली आणि रस्त्यावर न झालेली प्रत्येक खेप म्हणजे पंधरा रिकामी पिंपं.

दुसरा प्रश्न आठवतो तो एका बाईंचा. राज्यात २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. त्यानंतर सभागृहात आलेल्या पुष्कळ जणींच्या वतीनं त्यांचे यजमानच कार्यालयात यायचे, बोलायचे, सहीपुरता कागद घरी न्यायचे. या बाई मात्र स्वतः आल्या. प्रश्न स्वतःच्या अक्षरात लिहिलेला: आमच्या गल्लीत पाणी किती वाजता सोडतात, आणि तीच वेळ का?

इतक्या वर्षांत कोटी, लिटर, व्यास, किलोमीटर सगळं विचारलं गेलं होतं. वाजले किती, हे फारसं कुणी विचारलं नव्हतं. कनिष्ठ अभियंत्यांकडून माहिती आली: 'सदर भागात एक दिवसाआड ४५ मिनिटे पाणीपुरवठा करण्यात येतो.' अक्षर न् अक्षर खरं होतं. ती ४५ मिनिटं पहाटे अडीचला सुरू होत, एवढंच त्यात नव्हतं. मी चावीवाल्याला बोलावून घेतलं. त्याला आधी वाटलं, काहीतरी चौकशी लागली. चहा आल्यावर तो मोकळा झाला. टाकी रात्री भरते, सखल भाग आधी घ्यावा लागतो, चढावरची गल्ली शेवटी. आणि कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह जाम झालेला, म्हणून ती गल्ली उघडण्याआधी त्याला दोन ठिकाणचे व्हॉल्व्ह बंद करत फिरावं लागतं. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. एकाही संचिकेत नव्हतं.

उत्तरात आम्ही वेळ लिहिली, कारण लिहिलं, आणि व्हॉल्व्ह कोणत्या तारखेपर्यंत बदलणार तेही लिहिलं. तारीख घालताना खात्यात बरीच खळखळ झाली. तारीख घातली की ती पाळावी लागते, हा अनुभवी लोकांचा आक्षेप बिनतोड होता. व्हॉल्व्ह बदलला आणि पाणी पाचला येऊ लागलं. बाईंना सहाला हवं होतं. ते टाकीची क्षमता वाढल्याशिवाय होणार नव्हतं, आणि पुढच्या उत्तरात तसं स्पष्ट लिहिलं. पाण्याचं राजकारण कुठून सुरू होतं, हे मृणाल गोरेंनी १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्यावर दाखवून दिलं होतं. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना मिळालं ते नळाशी उभ्या राहणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं सभागृहात नेल्यामुळे. आमच्या या बाईंना तो इतिहास ठाऊक होता की नाही, मी विचारलं नाही.

सगळेच प्रश्न असे नसत, हेही सांगितलं पाहिजे. ठेकेदाराला दमात घेण्यासाठी प्रश्न टाकायचा आणि सभेच्या आदल्या दिवशी तो मागे घ्यायचा, हा उद्योग ठाऊक असलेले सभासद प्रत्येक पक्षात होते. वीस वर्षांची माहिती मागून पुढे ती न्यायलाच न येणारेही होते. अशा वेळी कर्मचाऱ्याला वाटतं, आपणही गोलमाल लिहून मोकळं व्हावं. तसं करू नये. विचारणाऱ्याचा हेतू ओळखणं हे आपलं काम नाही. प्रश्न नियमात बसतो ना, मग उत्तर सरळ द्यावं. मागे घेतलेल्या प्रश्नाचं उत्तरही मी पूर्ण तयार करून संचिकेला लावत असे. त्यामुळे वह्या तरी ताळ्यावर राहत.

काही जण म्हणतात, आता माहिती अधिकार आहे, तक्रारीचं अ‍ॅप आहे, नगरसेवकाच्या प्रश्नाचं एवढं काय? २००५ चा कायदा मोठाच आहे, त्यानं आमच्या कपाटांना कुलपं राहिली नाहीत. पण त्यात कागदावर असलेलं तेवढं मिळतं. कागदावर नसलेलं कारण मागता येत नाही. चावीवाल्याच्या डोक्यातलं पाण्याचं वेळापत्रक कोणत्याच अर्जाला सापडलं नसतं. अ‍ॅपवर तर तक्रारीपुढे 'निकाली' असा हिरवा शिक्का पडला की गोष्ट संपते. 'का' हे विचारायचा आणि उत्तर पटलं नाही तर सर्वांदेखत पुन्हा विचारायचा हक्क फक्त निवडून आलेल्या माणसाला आहे.

तो हक्क राज्यातल्या शहरांत काही वर्षं वापरायला माणूसच नव्हता. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या सभागृहांची मुदत २०२० मध्येच संपली, मुंबई-पुण्याची मार्च २०२२ मध्ये. निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासक आले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवणारे तेच, सभागृहाच्या वतीनं मंजूर करणारेही तेच. माझ्या नोकरीचा शेवटचा काळ यातच गेला. प्रश्नांचं बाड रिकामं झालं तेव्हा खात्यात सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पुढे लक्षात आलं की नोंदवही, चलनं आणि देयक एका टेबलावर आणायचं कारणच उरलेलं नाही. कुणी काही दडवत होतं असं नव्हे. कुणी विचारत नव्हतं, म्हणून कुणी जुळवत नव्हतं. काम थांबलं नाही, रस्ते झाले, नळही चालले. पण आपण जे करतो ते तसंच का करतो, हे लिहून काढायची सवय गेली, आणि ती गेली की अधिकाऱ्यालाही आपलं खातं नीटसं कळेनासं होतं.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. नव्यानं निवडून आलेल्यांमध्ये कित्येकांनी हे सभागृह आतून कधी पाहिलेलं नसेल. त्यांना एका निवृत्त अधीक्षकेचं सांगणं आहे. "ताई, जरा बघा ना" असा फोन करून कामं होतात, पण त्याचा मागमूस राहत नाही. लेखी विचारा. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. शहराची सरासरी आली तर आपल्या गल्लीचा आकडा मागा. 'कार्यवाही सुरू आहे' असं आलं तर तारीख मागा. उत्तर आलं की ते सभागृहात फडकवून झाल्यावर टाकून देऊ नका, जपून ठेवा. आणि पहिला प्रश्न कोणता विचारावा हे सुचत नसेल, तर नगरसचिवांच्या कार्यालयात जाऊन मागच्या सभागृहाच्या शेवटच्या वर्षातली उत्तरं काढा आणि त्यात दिलेल्या तारखांचं काय झालं, एवढंच विचारा. त्याला 'प्रश्न उद्भवत नाही' असं उत्तर देता येणार नाही.