बोटीचा फलाट

(द्वितीय वर्ष, कला)

शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारले नाही. ते कधीच विचारत नाहीत. विचारून मिळालेले उत्तर खरे की खोटे हे आपल्याला कळायचे नाही, असे त्यांना वाटत असावे. त्यांनी विचारले, "इंग्रजी पुस्तक वाचून मराठीत सांगशील का? गोष्टीचं नाही, मशिनचं."

मी लगेच "हो" म्हटले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझी शाळा मराठी, आणि कॉलेजातले इंग्रजीचे तास मी बहुतेक मान खाली घालून काढलेले. पण हे घरी कुणाला माहीत नाही. जिच्या फीसाठी घरातले सगळे ओव्हरटाइम करतात, तिला "मला येत नाही" म्हणण्याची मुभा नसते.

बाबा हायड्रॉलिकचे फिटर आहेत. कचरागाडीच्या मागे तो लोखंडी जबडा असतो ना, जो कचरा आत ओढतो आणि दाबतो, तो तेलाच्या जोरावर चालतो. त्याचे पंप, होज, सील, व्हॉल्व दुरुस्त करण्यात बाबांची पंचवीस वर्षे गेली. आम्ही राहतो देवनारला. १९२७ साली मुंबईचा कचरा आमच्या बाजूला टाकायला सुरुवात झाली. १९७१ साली कत्तलखाना आला. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. धुरामुळे शाळेला सुट्टी मिळाली म्हणून आम्हां मुलांना आनंद झाला होता, आणि रात्रभर खोकत तो आनंद आम्ही साजरा केला. कॉलेजात कुणी विचारले तर मी "चेंबूर" सांगते. हे आज छापून येत आहे, तेव्हा यापुढे ती सोय राहिली नाही. असो.

तर काम होते एका मोटारबोटीचे. श्रीमंतांच्या हौसेची पन्नास फुटी बोट. एरवी गेटवेसमोर पाण्यात नांगरलेली असते. पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून घेतात. त्या सुट्टीत तिला मागच्या बाजूला 'हायड्रॉलिक स्विम प्लॅटफॉर्म' बसवायचा होता. बाबांचा एक जुना सोबती त्या बोटदुरुस्तीच्या आवारात होता. त्याने सांगितले, तेलाचे काम आहे, आमच्याकडे तेलाचा माणूस नाही. बाबांनी रजा टाकली, आणि आम्ही दोघे रोज सकाळी गोवंडीहून रे रोडला जाऊ लागलो.

प्लॅटफॉर्म म्हटले की आपल्याला रेल्वेचाच फलाट आठवतो. लोकल आणि फलाट यांच्यामधल्या पोकळीत माणसे पडत. २०१४ नंतर उपनगरी फलाटांची उंची वाढवली गेली तेव्हा कुठे ती पोकळी कमी झाली. बोटीचा फलाटही त्याच अडचणीवरचा इलाज आहे. बोटीची कड पाण्यापासून उंच. पोहून आलेल्याने वर चढायचे कसे? शिडी असते, पण ती तरुणांची. म्हणून पिछाडीला एक रुंद फळा लावतात. बटण दाबले की तो खाली जाऊन पाण्यात बुडतो; माणूस त्याच्यावर उभा राहतो; दुसरे बटण दाबले की माणसासकट वर येतो. त्यावर रबरी होडी किंवा पाण्यावरची स्कूटरही ठेवता येते. मी बाबांना म्हटले, "गेटवेच्या त्या पाण्यात कोण पोहणार?" ते म्हणाले, "तिथं नाही पोहत. मांडव्याकडं जातात. पोहायच्या पाण्यापर्यंत जायला बोट लागते, म्हणून तर बोट."

पेटी उघडली. आत दोन जाड पोलादी हात, दोन सिलिंडर, बॅटरीवर चालणारी मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र असलेला एक डबा, होजची वेटोळी, आणि ते पुस्तक. बाबांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "हे तर आपल्या गाडीचंच आहे. फक्त आंघोळ करून आलंय."

खरेच तसे होते. पंप तेलाला दाबतो, तेल तो दाब सगळीकडे सारखा पोहोचवते, हा शोध पास्कलचा. तो १६६२ साली वारला, अवघा एकोणचाळीस वर्षांचा. त्यावरून दाबयंत्र करून ब्रामा नावाच्या इंग्रज कुलूपवाल्याने १७९५ साली पेटंट घेतले. त्याआधी १७७८ साली त्याने सुधारलेल्या शौचकूपाचेही पेटंट घेतले होते. हे सगळे मी नंतर ग्रंथालयात वाचले. बाबांना सांगितले तेव्हा त्यांना शौचकूपाचे फार आवडले. "म्हणजे आमच्याच लाइनीतला माणूस," म्हणाले. बाबांचा हिशेब मात्र बोटांवरचा. पिस्टनचे तोंड वीस चौरस सेंटिमीटर, गेजवर शंभर किलो, म्हणजे जोर दोन हजार किलो. मी म्हटले, "एवढा कशाला? माणसं तर दोन-तीनच उभी राहणार." त्यांनी वीत टेकवून दाखवले: पिस्टन एक वीत सरकतो तेव्हा फळा चार वीत खालीवर होतो. चालीत जे कमावले ते जोरात भरावे लागते. वजन चारशे असेल तर पिस्टनला सोळाशे रेटावे लागतात, शिवाय लोखंडी हातांचे ओझे वेगळे.

मागच्या भिंतीला भोके पाडायची तेव्हा त्यांनी ड्रिलखाली कागद धरायला लावला. बोटीचे अंग फायबरचे, पण दोन थरांच्या मध्ये प्लायवुड असते. "भुसा बघत राहा. कोरडा पिवळा आला तर ठीक. काळा, ओलसर आला तर थांब म्हण." कोरडा आला. तरीही त्यांनी प्रत्येक भोकाची आतली कड मसाल्याने बंद केली आणि आतून बोल्टमागे जाड पट्टी दिली. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर सोसते, हात लांब करून धरली तर खांदा निखळतो. बोटीचा खांदा म्हणजे ती भिंत, असे त्यांनी मदतनीस पोराला समजावले. मी ऐकत होते. मला वाटले, आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला इतके सरळ कुणी बोलत नाही. (सरांनी राग मानू नये.)

आता पुस्तकाकडे येते. मी पायरीवर बसून वाचायची आणि सांगायची. न कळलेल्या शब्दांवरून मी सफाईने पुढे जात होते. बाबा इतक्या विश्वासाने ऐकत की थांबायची लाज वाटे. एका पानावर तक्ता होता. उचलण्याची क्षमता, चारशे किलो. मी मोठ्याने म्हटले, "चारशे." व्यवस्थापक साहेब तिथेच उभे होते. मालक कधी आलेच नाहीत. जे काही होते ते हे साहेब. त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. पाण्यावरची स्कूटर पेट्रोलसकट तीनशे सत्तर किलोची होती. चारशेत बसते. त्यांनी सुताराला तिच्या मापाचे लाकडी ठोकळे करायला सांगितले, आणि फळ्यावर सागवानी पट्ट्याही.

त्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी. त्या मी बघितल्या होत्या. त्यात 'चॉक' असा शब्द होता. चॉक म्हणजे खडू. बोटीवर खडू कशाला, काहीतरी किरकोळ असेल, असे म्हणून मी पान उलटले.

आठ दिवसांनी चाचणी. बोट उंच घोड्यांवर उभी होती. बाबांनी फळा खाली घेतला, त्यावर दोन पिंपे चढवली आणि बादली मोजून पाणी भरले. पिंपाचे वजन धरून प्रत्येकी दोनशेला थोडे कमी. बटण दाबले. फळा हातभर वर आला आणि थांबला. मोटर गुरगुरत राहिली. आतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. बाबांनी बटण सोडले.

"सेफ्टी व्हॉल्व उघडला," ते म्हणाले. "ओझं जास्त आहे. तेल टाकीत परत जातंय."

साहेब म्हणाले, "जास्त कसं? चारशेच आहे ना? व्हॉल्व थोडा टाइट करा, उचलेल."

"नाही साहेब."

"अहो, अर्धा आटा."

बाबांनी बाही वर केली. त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे. कुठल्याशा गाडीचा व्हॉल्व कुणीतरी असाच अर्धा आटा आवळला होता, आणि होज फुटून गरम तेल अंगावर आले होते. तो डाग मी जन्मापासून बघते आहे, त्याची गोष्ट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. साहेब म्हणाले, "मग तुमच्या फिटिंगमध्ये काहीतरी चूक आहे. पुस्तकात चारशे लिहिलंय, तुमच्याच मुलीने वाचलं." आणि निघून गेले.

परतीच्या गाडीत बाबा गप्प होते. मनातल्या मनात सगळे पुन्हा खोलून बघत असावेत. होज कुठे दबला आहे का, हवा राहिली का, सील उलटे बसले का. मला ती चांदणी आठवत होती.

रात्री सगळे झोपल्यावर मी पुस्तक आणि शब्दकोश घेऊन मोरीजवळच्या दिव्याखाली बसले. चॉक म्हणजे खडू, त्याचे स्पेलिंग वेगळे. हा शब्द दुसरा. होडी किंवा स्कूटर ज्यावर टेकते ते ठोकळे. खालच्या दोन ओळींचा अर्थ असा होता की चारशे किलोंत फळ्यावरच्या लाकडी पट्ट्या आणि ठोकळे यांचे वजन धरलेले आहे. त्याशिवाय चारशे नव्हे. सुताराने बसवण्याआधी ते सामान शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर तोलले होते, आणि तो आकडा मीच वहीत लिहिला होता: नव्वद. उरले तीनशे दहा.

मी बराच वेळ तशीच बसले. गप्प राहिले तर काय होईल, याचाही विचार केला, हे कबूल करते. बाबा आणखी दोन दिवस शोधत राहिले असते, आणि शेवटी आपलीच चूक समजून हात जोडून मोकळे झाले असते. माझे इंग्रजी चांगलेच राहिले असते.

मी त्यांना उठवले. ओळ वाचून दाखवली. खडूचेही सांगितले. ते अंथरुणावर उठून बसले, आणि पहिली गोष्ट विचारली ती ही: "म्हणजे फिटिंग बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"मग झोप."

सकाळी त्यांनी दोन्ही पिंपांतून पंचेचाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी सोडले आणि बटण दाबले. फळा न थांबता वर आला. साहेबांसमोर त्या दोन ओळी मला इंग्रजीत मोठ्याने वाचाव्या लागल्या, आणि आधी वाचल्या नव्हत्या हेही सांगावे लागले. माझा आवाज कापत होता. बाबा शेजारी हाताचे तेल पुसत उभे होते. "पोरगी आहे, जाऊ द्या" असे काही ते म्हणाले नाहीत. बरे झाले. स्कूटर रद्द झाली. वाया गेलेल्या ठोकळ्यांचे आठ हजार रुपये बाबांच्या बिलातून कापले गेले. माझ्या फीपेक्षा ती रक्कम जास्त आहे. घरी आईला "साहेबांनी थोडं कमी दिलं" एवढेच सांगण्यात आले. आईने माझ्याकडे पाहिले. मी पोळ्या लाटत राहिले.

तेव्हापासून बाबांना एक सवय लागली आहे. विजेचे बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, की माझ्या कॉलेजचे परिपत्रक, मी वाचून संपवले की ते विचारतात, "खाली बारीक काही?"

पावसाळा सरल्यावर बोट पुन्हा पाण्यात घातली, त्या दिवशी मीही गेले होते. पौर्णिमेचे उधाण होते. भरती पुरी चढली तेव्हाच ती घोड्यावरून सुटली. माहुलचे एक म्हातारे तांडेल होते. मे महिन्यात बोट वर ओढण्याआधी त्यांनी पिछाडीवर पाण्याच्या रेषेला रंगाची खूण करून ठेवली होती. आता ती खूण दोन बोटे पाण्याखाली गेली. फळ्याचे ओझे मागे आले, तर नाक वर आणि शेपूट खाली होणारच. धूर सोडण्याची भोकेही पाण्याच्या जवळ आलेली. बाबांनी आणि तांडेलांनी मागच्या कप्प्यातली जादा साखळी आणि अवजारांच्या जड पेट्या पुढे नेल्या. मी एक पेटी उचलली, ती मला झेपली नाही, दोघांनी धरली. साहेबांनी फळ्यावर छोटी रबरी होडी चढवली. बटण दाबले गेले. ती पाण्यात उतरली, तरंगली, परत वर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाबांचे तिकडे लक्ष नव्हते. ते धक्क्यावर उकिडवे बसून ती खूण बघत होते. "अजून अर्धा बोट," ते तांडेलांना म्हणाले. मग मला म्हणाले, "ती शेवटची पेटी राहिली बघ. चल."