निळे पिंप

पेणचे गणपती साऱ्या जगाला ठाऊक आहेत. पेणच्या खारेपाटातला एप्रिल-मे मात्र आमचा आम्हालाच ठाऊक. त्या दिवसांत गावाला पाणी येते टँकरने, आणि टँकर आला की प्रश्न पडतो, साठवायचे कशात? आईने तोड काढली. रोह्याकडून येणाऱ्या भंगारवाल्याकडून तिने एक निळे प्लास्टिकचे पिंप स्वस्तात घेतले. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत; पिंपात पूर्वी काय होते, हे विचारायला हवे होते. आम्ही ते राखेने घासले, कढत पाण्याने दोनदा विसळले आणि भरले.

त्याच सुमारास मामा आले. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेद घालवलेला, राजस्थानच्या वाळूत पाणी पुरवून पुरवून प्यालेला माणूस. आईने तांब्या पुढे केला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"ताई, हे पाणी कोणी पिऊ नका."

"क्लोरिनचे थेंब टाकलेत की! हवे तर उकळून देते."

"त्याने जंतू मरतील. हा वास जंतूंचा नाही."

मग ओसरीवर त्यांनी सांगितले. फौजेत तेलाचा कॅन पाण्याला चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सैन्य पाण्याच्या कॅनवर मोठी पांढरी फुली काढी, ती याचसाठी. पेट्रोल, द्रावके असले सेंद्रिय पदार्थ प्लास्टिकच्या अंगात मुरतात, घासून जात नाहीत, आणि मग थोडेथोडे पाण्यात उतरत राहतात. फिनॉलसारखे काही असेल तर क्लोरिनने दर्प उलट वाढतो. (पुढे मी वाचले, अमेरिकेतल्या कॅम्प लेजून या सैनिकी तळावर १९५३ ते १९८७ या काळात जवान आणि त्यांची मुले ड्रायक्लीनिंगची द्रावके मिसळलेले पाणी पीत होती.)

"घरातल्या माणसाला दिवसाला २ लिटर पाणी धरतात," मामा म्हणाले. "उन्हात ओझे वाहणाऱ्या जवानाला १५ लिटरही लागते. पाणी तेच, पण विष साडेसातपट."

मी कला शाखेचा, तरी हे गणित मला कळले. मिठागरावर दिवसभर राबणारे बाबा आठवले. त्या पिंपातले सर्वांत जास्त पाणी तेच पीत होते.

मामांनी पिंप आडवे केले. पुढचा टँकर चौथ्या दिवशी होता. आई काही बोलली नाही. दोन हंडे घेऊन शेजारच्या वाडीकडे निघाली, तिसरा घेऊन मामा तिच्यामागे.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "रिकामेच आहे, तर पिंप आम्हाला द्याल का?"

मामांनी पहार मागितली आणि पिंपाच्या बुडाला भोक पाडले.