चाकाचे माप

आमच्या लहानपणी शाळेसाठी नवा सदरा शिवायला टाकताना आई शिंप्याला बजावून सांगे, "जरा वाढत्या अंगाचा शिवा हं!" त्यामुळे पहिले वर्षभर आमचे हात बाह्यांत हरवलेले असत. पण त्या ढगळ सदऱ्याला एक आधार होता. आमचे अंग खरोखरच वाढणार होते. यंत्राचे तसे नसते. ते कारखान्यातून बाहेर पडते, तेव्हाच त्याची वाढ पुरी झालेली असते. तरीही 'मोठे ते चांगले' ही समजूत माणूस यंत्रालाही लावून पाहतो. मामांच्या गाडीला नवे टायर घेण्याची वेळ आली, तेव्हा या समजुतीची चांगलीच परीक्षा झाली.

मामांचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका डोंगराळ वाडीत आहे. डांबरी सडक वाडीच्या कोसभर अलीकडेच संपते आणि पाणंद सुरू होते. कुठे जांभ्या दगडाचा उंचसखल कातळ, कुठे खळाळता ओहोळ, तर कुठे भातखाचरांच्या कडेचा चिखल. या वाटेने बारा महिने ये-जा करू शकेल अशी गाडी वाडीत एकच, ती म्हणजे मामांची जुनी जिप्सी. मारुती कंपनीने ही छोटी गाडी १९८५ मध्ये भारतात आणली. आता तिचे उत्पादन थांबले आहे. पण आडवाटेवर ती अजूनही भेटते. ती वजनाने हलकी, अंगाने आटोपशीर आणि गरज पडली की चारही चाकांनी जोर लावणारी आहे. आंब्याच्या पेट्या, भाताची पोती आणि रात्रीअपरात्री एखादे आजारी माणूस, सारे तिच्यातूनच सडकेला लागते. म्हणून तिचे टायर झिजून गुळगुळीत झाले, तेव्हा ती काळजी एकट्या मामांची राहिली नाही. साऱ्या वाडीची झाली.

माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, लगेच म्हणाला, "बाबा, या खेपेला चांगले मोठे टायर बसवू. गाडी उंच होईल, दगड खाली लागणार नाहीत आणि दिसेलही रुबाबदार!"

मामा हसले. "आधी आहे त्या टायरवर काय लिहिले आहे, ते तर वाच," ते म्हणाले.

टायरच्या अंगावर अक्षरे उठवलेली होती: २०५/७० आर १५. मला ती एखाद्या कोड्यासारखी वाटली. मामांनी ते कोडे उलगडले. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, २०५ मिलिमीटर. दुसरा आकडा टायरच्या कडेच्या उंचीचा. पण ते ७० मिलिमीटर नव्हेत, तर रुंदीच्या शेकडा ७०. 'आर' हे अक्षर टायरच्या आतील धाग्यांची रचना सांगते. शेवटचा १५ हा ज्या लोखंडी रिमवर टायर बसतो, तिचा व्यास. आणि तो मात्र इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघे गुण्यागोविंदाने नांदत होते.

"आता चाकाची पूर्ण उंची काढा," मामांनी आम्हांला गणित घातले. २०५ चे शेकडा ७० म्हणजे १४३.५. कड वरही असते आणि खालीही. म्हणून दुप्पट, २८७. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज झाली ६६८. दादाच्या मनात होता तो टायर २३५/७५ आर १५ या मापाचा. त्याचे उत्तर आले ७३३.५. "पाहा, साडेपासष्ट मिलिमीटर वाढले!" दादा आनंदाने म्हणाला.

"चाक वाढले खरे, पण गाडी किती उचलली जाईल?" मामांनी विचारले. आम्ही विचार केला. चाकाचा आस असतो मध्यभागी. म्हणून व्यास जितका वाढेल, त्याच्या निम्मीच गाडी वर जाते. साडेपासष्टांतले हाती येणार होते अवघे ३३ मिलिमीटर. म्हणजे जेमतेम दोन बोटे.

मोठ्या चाकात गुण नसतो असे नाही. बैलगाडीची चाके उगीच का एवढी मोठी असतात? लहान चाक ज्या खड्ड्यात अडकते, त्यावरून मोठे चाक सहज लोळत जाते. पण बैलगाडी ओढणारे बैल चाकाच्या बाहेर असतात. मोटारीचे इंजिन चाकाला आतून, आसापासून फिरवते. पाण्याने भरलेली कळशी अंगाशी धरली तर पेलते. तीच हात लांब करून धरा पाहू! तसेच हे. आसापासून जमीन जितकी दूर, तितका इंजिनाचा जोर तिथे कमी पोचतो. दादाच्या टायरांनी गाडीची ओढ सुमारे ९ टक्क्यांनी घटली असती. चढ तोच, पोती तितकीच आणि जोर मात्र कमी. ब्रेकचेही तेच, मोठे चाक थांबवायला त्याला अधिक जोर लावावा लागतो.

आणखी एक गंमत निघाली. गाडीचा वेगमापक रस्ता पाहत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. मूळ चाक एका फेऱ्यात सुमारे २.१ मीटर जाते, तर मोठे चाक २.३ मीटर. काटा ताशी ६० किलोमीटर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ च्या वेगाने धावली असती. मग मामांनी गाडीत पोती भरायला लावून चाक पूर्ण वळवले. ओझ्याने स्प्रिंगचे पाटे दबले होते आणि टायर व मडगार्ड यांत फारशी जागा उरली नव्हती. अधिक मोठा टायर तिथे घासला असता. आणि घासणारा टायर कधी फाटेल याचा नेम नसतो.

"मग मागची दोनच मोठी बसवू," दादाने तडजोड सुचवली. मामांनी मान हलवली. या गाडीत चारही चाकांना जोर दिला, की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडून एकाच गतीने फिरतात. चाके लहानमोठी असतील, तर ती एकमेकांशी झगडू लागतात आणि तो ताण आतल्या दंतचक्रांवर पडतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे हवेत. आणि जादा चाकाचा पाचवाही.

राहिला प्रश्न रुंदीचा. वाळूत रुंद टायर चांगला. उंटाचा पसरट तळवा वाळूत रुतत नाही, त्याच न्यायाने. पण आमच्या पाणंदीत चिखल वरवरचा आणि खाली टणक जांभा. तिथे अरुंद टायर चिखल कापून खालच्या कातळाला भिडतो. रुंद टायर चिखलावरच घसरत राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रसिद्ध जीप गाडीचे टायर अवघे सहा इंच रुंदीचे होते. "शिवाय," मामा म्हणाले, "टायरचे माप एकदा घेतले की बदलता येत नाही, हवा मात्र बदलता येते. रुतायची वेळ आली, तर थोडी हवा सोडायची. टायर पसरतो आणि जमीन धरतो. सडकेवर आल्यावर पुन्हा भरायची."

अखेर माप तेच राहिले, २०५/७० आर १५. बदलली ती फक्त नक्षी. नव्या टायरांच्या खाचा अधिक खोल होत्या. दादा थोडा हिरमुसला. पण गणित त्याने स्वतःच केलेले असल्यामुळे त्याला भांडता येईना.

त्याच वर्षी आषाढात एका रात्री शेजारच्या आजींना दम लागला. पाऊस कोसळत होता. दादानेच गाडी काढली. ओहोळाच्या चढावर चिखलाने वाट अडवली, तेव्हा त्याने खाली उतरून चारही टायरांची थोडी हवा सोडली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि मुळीच घाई न करता चढ पार केला. सडकेवर पोचताच पायपंपाने हवा भरताना तो घामाघूम झाला. पहाटेपूर्वी आजी तालुक्याच्या रुग्णालयात होत्या. आठ दिवसांनी त्या त्याच गाडीतून घरी आल्या.

वाडीतली मुले आता दादाला टायरवरचे आकडे विचारतात. तो त्यांना उत्तर देत नाही, हातात खडू देतो आणि म्हणतो, "आधी गाडीचे काम विचारा, मग वाट पाहून या, आणि मग गणित मांडा." रुबाबाचा प्रश्न मात्र तो अजून कुणाला सोडवायला देत नाही.