कोमल गंधाराच्या शोधात

माउथऑर्गन आमच्या घरी मानाने कधीच नांदला नाही. तंबोऱ्याला खोळ आहे, पेटीला कोपऱ्यात हक्काची जागा आहे. हा बिचारा आमच्या कोटाच्या खिशात किल्ल्यांच्या आणि पावत्यांच्या संगतीत दिवस काढतो. तरीही उतारवयात आम्ही त्याच्या नादी लागलो, त्याला कारण आमची आई. पिलूतली एक जुनी चाल ती वर्षानुवर्षे गुणगुणत आली. आता तिला दम पुरत नाही. म्हटले, ती चाल आपण वाजवून तिला ऐकवावी.

आईने डोळे मिटून सारे ऐकले आणि विचारले, “अरे, सूर बरा आहे, पण कोमल गंधार कुठे सांडलास?”

तिचे म्हणणे खरे होते. या वाद्याला दहा छिद्रे. प्रत्येक छिद्रात दोन पात्या, एक फुंकरीने बोलणारी, दुसरी श्वास ओढल्याने. चौथ्या छिद्रातील फुंकरीला षड्ज मानले, की तेथून वरच्या षड्जापर्यंत शुद्ध स्वर सुखाने मिळतात. मधले स्वर मात्र जीभ आणि घसा यांची ठेवण बदलून, सूर वाकवून काढावे लागतात. त्यातही एक नियम आडवा येतो. छिद्रातील दोन पात्यांपैकी जी उंच सुराची, तीच आपल्या खालच्या सोबतिणीच्या दिशेने वाकते. खालची जागची हलत नाही. म्हणून कोमल ऋषभ आणि कोमल धैवत साधतात. पण मधल्या सप्तकातले कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल निषाद दाराबाहेरच राहतात. षड्ज दुसरीकडे धरून काही राग निभावता येतात. परंतु पिलूला दोन्ही गंधार हवेत आणि दोन्ही निषादही. तेथे ही युक्ती लंगडी पडते.

अमेरिकेतील हॉवर्ड लेव्ही यांनी १९७० च्या सुमारास यावर एक वाट काढली. फुंकर अशी घालावयाची, की ओढीची पातीच बोलू लागावी. ती आम्ही महिनाभर घालून पाहिली. घरातले मांजर तेवढे दचकले. मग त्याच देशातील पी. टी. गॅझेल यांच्यासारख्या वादकांनी पत्करलेली दुसरी वाट आमच्या कानी आली, ती झडपेची.

झडप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ चिंधी. तिचे एक टोक चिकटवलेले, दुसरे मोकळे. पहिल्या सहा छिद्रांत ती ओढीच्या पातीच्या फटीवर आतून बसवावयाची, उरलेल्या चारांत फुंकरीच्या फटीवर बाहेरून. पाचव्या छिद्रात फुंकले, की झडप आपली फट मिटून घेते; सारा वारा एकट्या खालच्या पातीला मिळतो, आणि जी पाती आजवर ताठ होती ती वाकू लागते. पाचव्यातून कोमल गंधार, सहाव्यातून तीव्र मध्यम, सातव्यात श्वास ओढून कोमल निषाद, असे तिन्ही रुसलेले स्वर घरी येतात. वरच्या पातीचे पहिले वाकणेही शाबूत राहते.

हे फुकट मिळत नाही. झडपा बसल्या, की लेव्ही यांची वाट बंद होते. थंड वाद्यात श्वासाचा ओलावा साचला, की झडपा चिकटतात आणि फुरफुरतात; म्हणून ते आधी तळहातात ऊबवावे लागते. आम्ही पहिल्या खेपेस डिंक इतका सढळ हाताने लावला, की तीन पात्या मुक्याच झाल्या. आणि सर्वांत मोठी अडचण ही, की एकटी पाती वाकवताना सोबतिणीचा आधार नसतो. जोडीने वाकताना खाली कोठे थांबावे हे दुसरी पातीच सांगते; एकटीला थांबवावयाचे ते आपल्या कानाने. जोर केला तर सूर दबतो. श्वास हलका ठेवला तरच तो उतरतो.

पेटीवर मींड निघत नाही, या आक्षेपाचाही वाटा असलेली नभोवाणीची बंदी पेटीने १९४० पासून सोसली. १९७१ मध्ये ती काही अंशी उठली. त्याच कुळातले हे खिशातले वाद्य श्वासाच्या बळावर मींड काढते, याचा आम्हाला थोडा अभिमान वाटतो.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा आईसमोर बसलो. गंधार उतरला, किंचित अधिकच. ती काही बोलली नाही. आमचा सूर जेथे घसरला, तेथे तिने आपला थरथरता गंधार हळूच गुणगुणून धरला, आणि आम्ही त्यावर येऊन टेकलो. एकट्या पातीला सोबतीण मिळाली ती अशी. झडपेने हे कसे साधले असते?