छऱ्याचा मुक्काम

एअर रायफलचा छर्रा म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त शिसे. व्यास ४.५ मिलिमीटर, कंबर बारीक, पाठ पोकळ. स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो आणि दहा मीटरवरच्या कागदात शिरतो. त्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते. छर्रा मात्र अजून थांबलेला नसतो. त्याला थांबवते ती कागदामागची पोलादी पेटी. नेमबाज तिला ट्रॅप म्हणतात. नेमबाजीतले सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत गरजेचे साधन हेच.

पिंपरी-चिंचवडच्या परिसराला शिसे परके नाही. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. चिंचवडला एक्साइडचा बॅटरीचा कारखाना, म्हणजे पुन्हा शिसेच. आणि वाकडसमोर, मुळेच्या पलीकडच्या काठाला म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिलेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने इथल्या रेंजवर सराव केला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. पण भोसरीहून किंवा चाकणहून रोज बालेवाडी गाठणे प्रत्येकाला जमत नाही. घरात बंद, दहा मीटर लांबीची मोकळी जागा आणि शेवटी भक्कम भिंत असली, तर सराव घरी होऊ शकतो. मग पहिली गरज पडते ट्रॅपची.

शस्त्र नियम २०१६ नुसार २० ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि ०.१७७ इंचापर्यंत नळी असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. घरचा ट्रॅप फक्त अशा बंदुकीचा. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. पॉइंट टू-टूच्या गोळीची शंभराच्या पुढे जाते. त्या गोळीसाठी परवाना आणि मान्यताप्राप्त रेंज, दुसरी जागा नाही.

ट्रॅपचे सारे मर्म एका तिरक्या पत्र्यात आहे. सरळ उभ्या प्लेटवर छर्रा आदळला की चपटा होतो, फुटतो आणि त्याचे कण आल्या वाटेने उलट येतात. तीच प्लेट पंचेचाळीस अंशांत कलवली, वरची कड नेमबाजाकडे आणि खालची मागे, की छर्रा खाली वळतो, वेग गमावतो आणि तळातल्या ट्रेमध्ये पडतो. धातूला अडवण्यापेक्षा त्याला वाट दाखवण्याची ही युक्ती फार देखणी आहे. पेटीचे तोंड तीस सेंटिमीटर उंच धरले, तर तिरकी प्लेट बेचाळीस सेंटिमीटरहून थोडी लांब निघते. तीन मिलिमीटर जाडीचा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा छऱ्याला पुरून उरतो. भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात असे तुकडे कटिंगमधून रोज उरतात. गुण्या लावून बाजू काटकोनात आणायच्या, टॅक मारून कोन तपासायचा, मगच पूर्ण वेल्डिंग. वेल्डचे फुगवटे आतून घासून सपाट करावे लागतात, कारण अशाच उंचवट्यावरून छर्रा भलतीकडे उडतो. ट्रेच्या पुढच्या कडेला बोटभर उंच ओठ वळवला की शिसे बाहेर सांडत नाही. तोंडावर जाड पुठ्ठा, त्यावर कागद. पोलादी गोल छर्रे या पेटीत कधीच मारू नयेत. पोलाद पोलादावरून उसळते. आणि डोळ्यांवर चष्मा नेहमी हवा.

पत्र्याचा टणत्कार शेजाऱ्यांना सोसत नाही, म्हणून प्लेटच्या पाठीला रबराची जुनी मॅट चिकटवतात. दुसरा मार्ग पुट्टीचा. एसीच्या पाइपाभोवती लिंपतात ती न वाळणारी पुट्टी पेटीच्या पाठीला जाड थरात बसवली, तर छर्रा त्यात आवाज न करता रुततो. पण एकाच जागी छर्रे साठले की नवा छर्रा जुन्यावर आपटून मागे येतो. पुट्टी वरचेवर उकरावी लागते आणि शिसे लिडबिडलेले हाती येते. शिसे परत मिळवायचे असेल, तर तिरका पत्राच बरा.

रोज दोनशे छर्रे आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर वर्षाअखेरीस सुमारे बत्तीस किलो शिसे जमते. ते ३२७ अंशांना वितळते. स्वयंपाकघरातल्या गॅसवरही हे साधते आणि मोह तिथेच होतो. तो टाळलाच पाहिजे. शिशाची वाफ आणि धूळ शरीरात साठते, मुलांच्या मेंदूला तिची सर्वाधिक झळ लागते आणि त्यांच्यासाठी शिशाची सुरक्षित मात्रा अशी कुठलीच नाही. ट्रे रिकामा करताना हातमोजे घालावेत. झाडू मारू नये, हवेने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावे. नंतर हात साबणाने धुवावेत, मगच पाण्याच्या तांब्याला हात लावावा. शिसे झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे आणि डबा भरला की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या शिसे-पुनर्चक्रण कारखान्याकडे पोचवावे. घंटागाडीत ते कधीही टाकू नये.